छोट्या होडीचा वायरलेस

समुद्रावर माणूस संकटात सापडला, तर त्याने हाक मारायची कोणाला? पूर्वी शिडाच्या काठीला फडके बांधून हलवीत, रात्री कंदील दाखवीत. आज छोट्या फायबरच्या होडीतही वायरलेस बसवता येतो. पण तो निवडावा कसा, हे मराठीत सहसा कोणी लिहीत नाही. आणि सेटबरोबर जी पुस्तिका येते ती इंग्रजीत असते. म्हणून हा लेखनप्रपंच.

दोन वर्षांपूर्वी बाबांनी आमच्या मालवणच्या होडीसाठी २५ वॅटचा चांगला सेट घेतला. एरियल मात्र मिळेल ते घेतले आणि इंजिनाजवळच्या दांडीला छातीइतक्या उंचीवर बांधले. "सेटाक इतके पैशे गेले, आता काठयेक आणखी कित्याक?" असे ते म्हणाले. पुस्तिका वाचू शकणारा घरात मी एकटा. ती मी फडताळावर ठेवून दिली. पुढे एका संध्याकाळी खोल पाण्यात इंजिन बंद पडले. दुसऱ्या होड्यांचे बोलणे बाबांना तुटक ऐकू येत होते. त्यांची हाक मात्र कोणालाच पोहोचेना. रात्रभर होडी वाहत राहिली. सकाळी एका ट्रॉलरने पाहिले आणि ओढून आणले. आई ती सारी रात्र ओट्यावर बसून होती. त्या दिवशी मी पुस्तिका खाली काढली.

पहिली गोष्ट, मोबाइल असताना वायरलेस कशाला? मोबाइलला किनाऱ्यावरचा टॉवर लागतो आणि त्यावरून एका वेळी एकाच माणसाशी बोलता येते. वायरलेसवरची हाक टप्प्यातले सारे एकदम ऐकतात. या सेटना 'व्हीएचएफ' म्हणतात. त्यांतील १६ क्रमांकाचे चॅनेल, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, जगभर संकटासाठी व प्रथम हाक देण्यासाठी राखलेले आहे. तेथे गप्पा मारायच्या नसतात. हाक देऊन दुसऱ्या चॅनेलवर जायचे असते.

आता मुख्य मुद्दा. जास्त वॅट म्हणजे जास्त लांब आवाज, असा आपला समज असतो. परंतु या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी तर गोल! क्षितिजाच्या पलीकडे उतरलेल्या होडीपर्यंत त्या सहसा पोहोचत नाहीत. म्हणून वॅटपेक्षा उंचीला महत्त्व. हिशेब सोपा आहे: एरियलची उंची मीटरमध्ये घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि त्याला सुमारे ४ ने गुणावे, येतील तितके किलोमीटर. समोरच्याच्या एरियलचाही असाच हिशेब करून दोन्ही आकडे मिळवावेत. दोन्ही होड्यांची एरियले १ मीटरवर असतील तर ८ किलोमीटर. तीच ४ मीटरवर नेली तर १६. सेट तोच, खर्च फक्त एका काठीचा!

एरियल विकत घेताना ३, ६ किंवा ९ डेसिबल असे आकडे सांगतात. मोठा आकडा चांगला असे वाटते, पण येथे एक गोम आहे. कंदिलाचा उजेड वर-खाली सगळीकडे पसरतो, बॅटरीचा झोत मात्र एकाच दिशेला लांब जातो. ९ डेसिबलचे एरियल आपली शक्ती क्षितिजाच्या पातळीवरच्या पातळ थरात दाबते. मोठ्या स्थिर जहाजाला ते ठीक. आमची छोटी होडी लाटेवर डोलली की तो थर कधी आभाळात, तर कधी पाण्यात जातो. म्हणून लहान होडीला ३ डेसिबलचे, सुमारे १ मीटर लांबीचे एरियल बरे. फायबरच्या होडीसाठी खाली धातूचा पत्रा न लागणारे, अर्ध्या तरंगलांबीचे एरियल मागावे.

तिसरी गोष्ट केबल. सेट आणि एरियल यांच्यामधील ही तार कोणी मोजतच नाही. बारीक, आरजी-५८ जातीची केबल १५ मीटर लांब असेल, तर सेटची जवळजवळ निम्मी शक्ती वाटेतच संपते. तार आखूड ठेवावी. लांब लागणारच असेल तर जाड घ्यावी. ती ५० ओहमची असावी. टीव्हीची ७५ ओहमची असते. आणि सांधा खाऱ्या पाण्यापासून जपावा. आमच्या सांध्यात पाणी शिरून तांबे हिरवे पडले होते. त्यात बॅटरी उतरलेली. ऐकायला वीज थोडी पुरते, पण २५ वॅटवर बोलताना १२ व्होल्टच्या बॅटरीतून ५-६ अँपिअर ओढले जातात. बाबांना ऐकू येत होते आणि बोलणे पोहोचत नव्हते, त्याचे कारण हे!

सेट घेताना झाकणाखालचे लाल बटण असलेला पाहावा. होडीचा नऊ आकडी क्रमांक त्यात भरलेला असेल, तर ते बटण दाबताच संकटाची सूचना आपोआप जाते. जीपीएस जोडले असेल तर ठिकाणही कळते. हाती धरण्याचा ५ वॅटचा सेट दुसरा म्हणून ठेवावा. मुख्य बॅटरी गेली तरी तो चालतो. सेटला परवाना लागतो, त्याची चौकशी आधी करावी.

व्हीएचएफला मर्यादा आहेतच. २०१७ च्या ओखी वादळात केरळ-तमिळनाडूच्या ६८ होड्या सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला लागल्या. खोल समुद्रातल्या कित्येकांना वादळाची सूचनाच मिळाली नव्हती. इतक्या दूरवर उपग्रहच हवा. मच्छीमार होड्यांना तसे ट्रान्सपाँडर बसवण्याची योजना २०२४ मध्ये पालघर येथे सुरू झाली. पण जवळच्या होडीला हाक देण्यासाठी वायरलेसच कामाचा.

संकटात 'मेडे' हा शब्द तीनदा उच्चारायचा. तो फ्रेंचमधील 'मला मदत करा' यावरून आला. मग होडीचे नाव, ठिकाण, अडचण आणि माणसे किती, हे सांगायचे. हे सारे मी मराठीत कागदावर लिहून सेटशेजारी चिकटवले आहे. एरियल आता चार मीटरांच्या बांबूवर आहे. बाबा दर शनिवारी सांधा पुसतात. आणि आळीतले कोणी नवा सेट आणला की पुस्तिका घेऊन आमच्या ओट्यावर येते. आता ती मी फडताळावर ठेवीत नाही.