एकाच वायफायवर दोन कॉम्प्युटर, तरी फोल्डर उघडेना? सुरक्षा बंद करण्याआधी हे तपासा

पुणे : जिल्ह्याच्या गावागावांतून शिकायला आलेली मुलं सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतात, नोकरीवाले धायरी, हडपसरला फ्लॅट घेतात. घरात वायफाय एक आणि लॅपटॉप दोन-तीन. इकडे मंचर, शिरूर, दौंडच्या ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानांतही एका कॉम्प्युटरवर स्कॅन, दुसऱ्यावर फॉर्म असं काम चालतं. पण एकावरचा फोल्डर दुसऱ्यावर उघडायला गेलं की तो दिसत नाही, नाहीतर पासवर्ड मागत बसतो. मग कुठल्यातरी व्हिडिओतला सल्ला ऐकून माणूस फायरवॉल बंद करतो, पासवर्ड काढतो आणि 'एसएमबी-१' नावाची सोय चालू करतो. फोल्डर कदाचित उघडतोही. पण ज्या कॉम्प्युटरवर गावाचे आधार, सातबारे, पासबुकाच्या प्रती आहेत, त्याचं दार असं सताड उघडं टाकणं महागात पडू शकतं.

आधी स्क्रीनवरचा संदेश नीट वाचा. 'नेटवर्क पाथ सापडला नाही' असं येत असेल, तर एक कॉम्प्युटर दुसऱ्यापर्यंत पोचतच नाही. 'ॲक्सेस डिनाइड' असं येत असेल, तर पोचलाय, पण आत यायची परवानगी नाही. या दोन दुखण्यांची औषधं वेगळी आहेत आणि बहुतेकांचा वेळ इथेच वाया जातो.

पोचतच नसेल तर दोन्ही मशीन खरंच एका नेटवर्कवर आहेत का ते बघा. एक फायबरच्या वायफायवर आणि दुसरं मोबाईलच्या हॉटस्पॉटवर असेल, तर कितीही सेटिंग बदला, काही होणार नाही. कंपनीने बसवलेल्या डब्याला आपला वेगळा राउटर जोडला की बरेचदा घरात दोन नेटवर्क तयार होतात. राउटरमधलं 'गेस्ट' वायफायही साधारणपणे मशीन एकमेकांना दिसू देत नाही. ओळखायचं कसं? दोन्हीकडे कमांड प्रॉम्प्ट उघडून 'आयपीकॉन्फिग' टाइप करा (अर्थात इंग्रजीत) आणि 'आयपीव्ही-४' समोरचा पत्ता बघा. एकावर १९२.१६८.१.५ आणि दुसऱ्यावर १९२.१६८.१.८ असं काही असेल तर ठीक. एकावर १९२.१६८.०.५ असेल तर ते बहुधा वेगळ्या नेटवर्कवर आहे. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर त्या मशीनला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. राउटर बंद-चालू करा.

पत्ते बरोबर असतील तर सेटिंग्जमध्ये नेटवर्कच्या प्रॉपर्टीजमध्ये जा. तिथे 'पब्लिक' निवडलेलं असेल तर 'प्रायव्हेट' करा, मात्र फक्त घरच्या किंवा दुकानाच्या वायफायसाठी. पब्लिक म्हणजे एसटी स्टँडवरचं वायफाय असं विंडोज समजतं आणि मशीन इतरांपासून लपवतं. एवढ्यानेच पुष्कळ वेळा काम होतं. तरीही अडलं तर अँटिव्हायरस बघा. पुण्यातच जन्मलेल्या क्विक हीलसकट अनेक अँटिव्हायरसमध्ये स्वतःची फायरवॉल असते. ती बंद न करता तिच्यात घरचं नेटवर्क विश्वासाचं आहे असं नोंदवा. आणि हो, समोरचा कॉम्प्युटर झोपलेला, म्हणजे स्लीपमध्ये, तर नाही ना?

'नेटवर्क' या खिडकीत दुसऱ्या मशीनचं नाव दिसत नाही म्हणून घाबरू नका. फाइल एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि पुढे लगेच त्या मशीनचा पत्ता टाका. नाव दिसत नसलं तरी फोल्डर उघडतो, असं पुष्कळदा होतं.

आता पासवर्डचं. रोज कॉम्प्युटर उघडताना आपण चार आकडी पिन टाकतो, तो इथे चालत नाही. खात्याचं नाव आणि खरा पासवर्ड लागतो, तोही ज्या मशीनवर फोल्डर आहे त्या मशीनचा. पासवर्डच नसलेलं खातंही नेटवर्कवरून आत घेतलं जात नाही. सोपा मार्ग म्हणजे त्या मशीनवर एक साधं लोकल खातं काढा, त्याला पासवर्ड द्या आणि दुसरीकडून तोच वापरा. तरी 'ॲक्सेस डिनाइड' आलं, तर फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'शेअरिंग' आणि 'सिक्युरिटी' या दोन्ही ठिकाणी त्या खात्याला परवानगी द्यावी लागते. वाड्याला दिंडी दरवाजा आणि आत खोलीचं दार, तसं आहे हे. एक उघडून भागत नाही.

राहिलं एसएमबी-१. ही फाइल देवाणघेवाणीची जुनी पद्धत. तिच्यातली फट वापरून मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' जगभर पसरला. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, 'नॉटपेट्या'चा हल्ला झाला आणि त्यात आपल्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं, कंटेनर अडकून पडले. नॉटपेट्या एका मशीनवरून दुसऱ्यावर जायला इतर वाटांबरोबर हीच फटही वापरत होता. ती बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेला होता, पण अनेक ठिकाणी तो टाकलेला नव्हता. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून नव्याने टाकलेल्या विंडोज १० मध्ये एसएमबी-१ मुळातच बंद येऊ लागलं. विंडोज ७ सुद्धा त्याच्याशिवाय चालतं. लागतं ते एक्सपीला आणि काही जुन्या स्कॅनर-प्रिंटरला. तेवढ्यासाठी सगळ्या दुकानाला धोका कशाला? एक्सपीवरच्या फाइल पेन ड्राइव्हने हलवा.

जुन्या व्हिडिओंत 'होमग्रुप' सांगितलेला असतो, तोही शोधत बसू नका. विंडोज १० मधून तो २०१८ मध्येच काढला गेला.

एकदा फोल्डर शेअर झाला की तो मोबाईलवरही उघडता येतो. आयफोनच्या 'फाइल्स' ॲपमध्ये 'कनेक्ट टू सर्व्हर' आहे, सॅमसंगच्या 'माय फाइल्स'मध्ये 'नेटवर्क स्टोरेज'. मोबाईलवर फोल्डर उघडला आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर नाही, तर दोष त्या दुसऱ्या कॉम्प्युटरमध्येच शोधायचा.