नवं मॉडेल आलं, पण बदललं काय?

यंत्राशी ओळख : भाग ९

गेल्या आठवड्यात आपण लॅपटॉपच्या बॅटरीचं आयुष्य पाहिलं. त्यानंतर आलेल्या पत्रांत बॅटरीपेक्षा दुसराच प्रश्न जास्त होता : "आमच्याकडच्या लॅपटॉपचं नवं मॉडेल आलंय, घ्यावं का?" याचं उत्तर मॉडेलच्या नावात मिळत नाही. कंपनी ज्याला अपडेट म्हणते त्यात कधी आतली चिप बदलते, कधी सांगाडा, कधी फक्त किंमत, आणि कधी खोक्यावरच्या आकड्यापलीकडे फारसं काहीच बदलत नाही. म्हणून आज आधी एकाच लॅपटॉपची पाच वर्षं बारकाईनं पाहू आणि मग बाकीच्या बाजाराकडे वळू.

हा लॅपटॉप म्हणजे ॲपलचा मॅकबुक एअर. तो निवडण्याचं कारण एवढंच, की ही कंपनी मोजकी मॉडेलं काढते, त्यामुळे कुठल्या वर्षी काय बदललं ते स्वच्छ दिसतं.

नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलनं एअरमधला इंटेलचा प्रोसेसर काढून स्वतःची एम१ चिप बसवली. भारतातली सुरुवातीची किंमत होती ९२,९०० रुपये. पंखा गेला, तापणं कमी झालं, बॅटरी दिवसभर पुरू लागली. इंटेलचा एअर वापरणाऱ्याला तेव्हा "बदला" असं निःशंकपणे सांगता येत होतं. असं अपडेट क्वचित येतं.

२०२२ च्या जुलैत एम२ चा एअर विक्रीला आला. सांगाडा नवा, पडदा १३.३ इंचांवरून १३.६ इंचांवर, कॅमेरा सुधारलेला, चार्जर चुंबकानं चिकटणारा, वजन १.२९ किलोवरून १.२४ किलोवर. किंमत १,१९,९०० रुपये, म्हणजे एम१ च्या सुरुवातीच्या किमतीपेक्षा २७,००० रुपये जास्त. आता यातली एक बाब नीट समजून घेऊ. एम१ च्या २५६ जीबीच्या मॉडेलमध्ये स्टोरेजच्या दोन चिप्स होत्या. दोन्ही एकाच वेळी काम करत, त्यामुळे फायली झपाट्यानं वाचल्या जात. एम२ च्या २५६ जीबीच्या मॉडेलमध्ये एकच चिप होती. चाचण्या झाल्या तेव्हा वाचनाचा वेग जवळजवळ निम्म्यावर आलेला दिसला. मेल आणि टायपिंग करणाऱ्याला हे कळणारही नाही. पण ८ जीबी रॅम भरली की यंत्र स्टोरेजचाच काही भाग रॅमसारखा वापरायला लागतं, आणि नेमका तिथं हा फरक जाणवतो. पैसे जास्त मोजून घेतलेलं नवं यंत्र एका बाबतीत जुन्याच्या मागे होतं. मार्च २०२४ मध्ये १,१४,९०० रुपयांना एम३ आला, तेव्हा ही उणीव दूर झाली.

आणि मग ३० ऑक्टोबर २०२४. त्या दिवशी नवा एअर आलाच नाही. आधीपासून विक्रीत असलेल्या एम२ आणि एम३ या दोन्ही मॉडेलांची कमीत कमी रॅम ८ वरून १६ जीबी झाली आणि किंमत तीच राहिली. आधी याच वाढीसाठी २०,००० रुपये वेगळे मोजावे लागत. या पाच वर्षांत सामान्य ग्राहकाच्या पदरात सगळ्यात जास्त पडलं ते या दिवशी, असं माझं ठाम मत आहे. या यंत्रांत रॅम चिपच्याच पॅकेजमध्ये बसवलेली असते, नंतर एक जीबीसुद्धा वाढवता येत नाही. चिप कितीही वेगवान असली तरी ८ जीबीचं यंत्र लवकर अपुरं पडणार होतं, आणि ज्यांनी ते आदल्याच महिन्यात घेतलं त्यांच्यासाठी मला खरोखर वाईट वाटतं.

मार्च २०२५ मध्ये एम४ चा एअर ९९,९०० रुपयांना आला, म्हणजे एम३ पेक्षा १५,००० रुपयांनी स्वस्त. कॅमेरा १२ मेगापिक्सेलचा झाला आणि झाकण उघडं ठेवून बाहेरचे दोन मॉनिटर जोडता येऊ लागले. एम३ वर दोन मॉनिटर चालत, पण झाकण मिटावं लागे. एम१ आणि एम२ वर बाहेरचा एकच. कंपनीनं जाहीर करताना स्वतःची तुलना कशाशी केली तेही पाहण्यासारखं आहे. वेगाचे ठळक आकडे होते ते एम१ आणि इंटेलच्या एअरच्या तुलनेतले, आदल्या वर्षीच्या एम३ च्या तुलनेतले नव्हेत. हे अपडेट कोणासाठी आहे ते त्यावरून कळतं. कुठल्याही कंपनीची जाहिरात वाचताना "कशापेक्षा दुप्पट?" हे तळटीपेत शोधायची सवय लावून घ्या.

सांगलीहून एका वाचक ताईंनी विचारलंय, की त्या अनुवादाचं काम करतात, एम१ चा ८ जीबीचा एअर आहे, तर एम४ घ्यावा का. ताई, वर्ड, दोन-तीन शब्दकोश आणि ब्राउझर एवढंच उघडं असेल आणि यंत्र अडखळत नसेल तर एम४ मुळे तुमचं पान लवकर संपणार नाही. पण एका मॉनिटरवर मूळ मजकूर आणि दुसऱ्यावर अनुवाद ठेवून काम करायची तुमची इच्छा असेल, तर रोज हाताला जाणवेल असा फरक पडेल. निर्णय त्या दोन मॉनिटरांवर घ्या, चिपच्या आकड्यावर नको.

विंडोज लॅपटॉपच्या बाजारात प्रश्न अवघड होतो, कारण तिथं एकाच नावाखाली दहा वेगवेगळी यंत्रं असतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत विचारलंत की उत्तर मिळतं, "रायझन ५ आहे, सात हजार सिरीज, लेटेस्ट." आता एएमडीचे हे तीन प्रोसेसर शेजारी शेजारी ठेवून पाहा : ७५२०यू, ७५३०यू, ७५४०यू. तिन्ही रायझन ५, तिन्ही सात हजारी. कंपनीनं २०२२ मध्ये जाहीर केलेल्या पद्धतीप्रमाणे पहिला आकडा वर्षाचा. आतली रचना कोणत्या पिढीची हे तिसरा आकडा सांगतो. ७५२०यू मधला २ म्हणजे झेन २, जी रचना २०१९ मध्ये आली. ७५३०यू झेन ३ चा, ७५४०यू झेन ४ चा. पहिल्यात चार कोअर, उरलेल्या दोघांत सहा. म्हणजे नव्या वर्षाचं लेबल लावलेल्या यंत्रात काही वर्षांपूर्वीची रचना असू शकते, आणि ते कंपनीनं लपवलेलंही नसतं, आकड्यातच लिहिलेलं असतं. इंटेलकडेही हेच. कोअर अल्ट्रा ७ १५५यू आणि कोअर ७ १५०यू ऐकायला भावंडं वाटतात, पण 'अल्ट्रा' नसलेला १५०यू हा आधीच्या रॅप्टर लेक पिढीचा, २०२४ मध्ये नव्या नावानं आलेला. जुनी रचना वाईटच असं नाही. कार्यालयीन कामाला ती उत्तम चालते. फक्त तिला नव्याची किंमत देऊ नका.

एआयच्या स्टिकरबद्दल थोडक्यात. मायक्रोसॉफ्टनं मे २०२४ मध्ये 'कोपायलट प्लस पीसी' ही श्रेणी जाहीर केली. तिच्यासाठी एआयचं काम करणारा वेगळा भाग सेकंदाला ४० लाख कोटी क्रियांइतका सक्षम हवा, रॅम किमान १६ जीबी हवी. इंटेलच्या पहिल्या कोअर अल्ट्रा पिढीत हा भाग साधारण ११ लाख कोटींचा होता, तरी त्या लॅपटॉपवरही एआयची जाहिरात होतीच. चॅटजीपीटीसारखी साधनं ब्राउझरमधून वापरणाऱ्याला या भागाचा काही उपयोग नाही, कारण ते गणित दूरच्या सर्व्हरवर होतं. केवळ स्टिकरसाठी पैसे देऊ नयेत.

आता दुकान सोडून तुमच्या टेबलावरच्या यंत्राकडे या. नेहमीचं सगळं काम उघडा : क्रोममधल्या रोजच्या टॅब, वर्ड, व्हॉट्सॲप वेब, मुलांचा झूमवरचा वर्ग. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल; त्यात परफॉर्मन्स या भागात जा. मेमरी ८ पैकी सव्वासातच्या आसपास रेंगाळत असेल तर तुमचं दुखणं रॅमचं आहे. डिस्क सतत शंभर टक्क्यांवर असेल आणि तिथंच 'एचडीडी' लिहिलेलं दिसत असेल तर दुखणं फिरत्या चकतीच्या जुन्या हार्ड डिस्कचं आहे. फक्त सीपीयूच शंभरला टेकत असेल, व्हिडिओ एडिटिंग किंवा मोठ्या ड्रॉइंगच्या वेळी, तरच नव्या प्रोसेसरचा खरा उपयोग आहे. मॅकवर रॅमचं दुखणं ॲक्टिव्हिटी मॉनिटरमधल्या मेमरी प्रेशरच्या आलेखावर दिसतं. हिरवा असेल तर रॅमची अडचण नाही.

हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवलेला, रॅमची रिकामी खाच भरलेला आणि बॅटरी बदललेला जुना लॅपटॉप अनेक घरांत आणखी तीन-चार वर्षं चालू शकतो. मात्र विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते. त्याआधीचं यंत्र असेल आणि त्यावर बँकेचे व्यवहार होत असतील, तर ते बदलण्याचं हे खरं, भक्कम कारण आहे. नवं मॉडेल कुठलं आलं याच्याशी त्याचा संबंध नाही.

बदलायचंच ठरलं तर पैसे अशा गोष्टींवर घाला ज्या पुढे बदलता येत नाहीत. प्रोसेसर एक पायरी खालचा चालेल, पण रॅम मदरबोर्डवर सोल्डर केलेली असेल तर १६ जीबीपेक्षा कमी घेऊ नका. त्यानंतर पडदा. १३६६ बाय ७६८ चा पडदा अजून काही स्वस्त मॉडेलांत मिळतो. इंग्रजी मजकूर त्यावर कसाबसा निभतो. देवनागरीचं तसं नाही. 'कीर्ती', 'सूर्य', 'ऱ्हास', 'द्वंद्व' हे शब्द बारा पॉइंटमध्ये टाइप करून पाहा : रफार आणि वेलांटी एकमेकांत मिसळतात, 'द्व' चं पोट बुजतं, अनुस्वार आहे की पडद्यावर ठिपका पडलाय ते कळत नाही. मुद्रितशोधन करणाऱ्यांनी किमान फुल एचडी घ्यावा, आणि दुकानातल्या नमुन्यावर मराठी पान उघडूनच घ्यावा.

सॉफ्टवेअरचं तर आधी पाहावं. सीए कार्यालयातला टॅली, डिजिटल सिग्नेचरचं यूएसबी टोकन, डीटीपीवाल्यांकडची विंडोजवरची श्रीलिपीची जुनी आवृत्ती, दहा वर्षांपूर्वीचा प्रिंटर यांचा हिशेब आधी मांडा. स्नॅपड्रॅगन चिपच्या विंडोज लॅपटॉपची बॅटरी छान चालते, आणि नेहमीची बरीच सॉफ्टवेअर त्यावर भाषांतर होऊन चालतात. पण ड्रायव्हर तसे चालत नाहीत. ते त्या चिपसाठीच लिहिलेले लागतात. टोकनचा किंवा प्रिंटरचा तसा ड्रायव्हर नसेल तर रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवशी सगळं काम खोळंबतं. अशा कार्यालयांनी इंटेल किंवा एएमडीचाच लॅपटॉप घ्यावा, यात मला शंका नाही.

कधी घ्यावा? एरवी मी सांगत आलो, की नवं मॉडेल येऊ द्या आणि मागचं मॉडेल उतरलेल्या भावात घ्या. हा सल्ला अजून खरा आहे, पण २०२५ च्या उत्तरार्धात मेमरी चिप्सचे भाव झपाट्यानं चढले, कारण उत्पादक एआय सर्व्हरसाठीच्या मेमरीकडे वळले. त्यामुळे रॅमचं नंतर बघू म्हणणं धोक्याचं आहे. काम अडलेलं असेल आणि १६ जीबीचं मागच्या वर्षीचं मॉडेल परवडत असेल तर दसरा-दिवाळीच्या सेलची वाट पाहत बसू नका.

पैसे देण्याआधी खोकं उलटं करा. त्यावर पूर्ण मॉडेल क्रमांक, एमआरपी आणि उत्पादनाचा किंवा आयातीचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं. दुकानदारानं तोंडी सांगितलेला प्रोसेसर आणि रॅम त्या क्रमांकाशी ताडून पाहा, कंपनीच्या संकेतस्थळावर मिनिटभराचं काम आहे. वॉरंटी ऑनसाइट आहे की सर्व्हिस सेंटरला नेऊन द्यायची, हेही बिलावर लिहून घ्या. पुण्या-मुंबईत याचा फार फरक पडत नाही, पण उदगीर किंवा कणकवलीला राहणाऱ्याला लॅपटॉप घेऊन जवळच्या मोठ्या शहरापर्यंत हेलपाटे घालावे लागतात. तिथं दोन हजार जास्त गेले तरी ऑनसाइटच घ्या.

(पुढच्या आठवड्यात : जुना लॅपटॉप विकण्याआधी किंवा देऊन टाकण्याआधी त्यातली माहिती पुरती कशी पुसायची.)