संस्कृती माणसांच्या पायांनी चालते

भूगोल म्हटला की आपल्या मुलांना नद्या, डोंगर आणि पिके आठवतात. पण माणसे वस्ती कोठे करतात, वंदन कोणाला करतात आणि त्यांचे विचार एका मुलखातून दुसऱ्या मुलखात कसे पोहोचतात, याचाही भूगोल असतो. त्याला सांस्कृतिक भूगोल म्हणतात. तो शिकायला आपले सातारा-सांगली जिल्हे पुरेसे आहेत.

संस्कृती जेथे जन्मते ते तिचे उगमस्थान. तथागतांचा धम्म गंगेच्या खोऱ्यात उगवला. तो कृष्णाकाठी आला भिक्खूंच्या आणि व्यापाऱ्यांच्या पायांनी. कृष्णा-कोयनेच्या संगमावरचे कराड हे प्राचीन व्यापारी गाव. तेथून कुंभार्ली घाटाने कोकणात उतरता येते. ज्या वाटेने माल गेला, त्याच वाटेने धम्म आला. कराडजवळ जखिणवाडीच्या डोंगरात साठाहून अधिक बौद्ध लेणी आहेत, ती याच वाटेची साक्ष.

घेणारे पुढे देणारेही झाले. मध्य प्रदेशातील भारहूतच्या स्तूपावर इसवी सनापूर्वीच्या दानलेखांत ‘करहकट’ नगराचे दान कोरलेले आहे. हे नगर म्हणजे आपले कराड, असे अभ्यासक सांगतात. सरळ रेषेत मोजले तरी हे अंतर सुमारे हजार किलोमीटर! रायगड जिल्ह्यातील कुडा लेण्यांतही कराडच्या महिक नावाच्या लोखंडाच्या व्यापाऱ्याचे दान नोंदलेले आहे. तो राजा नव्हता, कष्टाने धंदा करणारा माणूस होता.

संस्कृतीचा प्रसार मुख्यतः तीन प्रकारे होतो. माणूस गाव सोडतो तेव्हा ती त्याच्याबरोबर जाते. शेजाऱ्याचे पाहून शेजारी ती घेतो. आणि मोठ्या केंद्राकडून, थोर पुरुषाकडून ती लहान गावांकडे येते. आपल्या धम्मक्रांतीत हे तिन्ही प्रकार एकत्र दिसतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात परमपूज्य बाबासाहेबांनी दीक्षा घेतली आणि लाखोंना दिली. ७ डिसेंबरला, त्यांच्या अंत्ययात्रेच्या दिवशी, मुंबईतही हजारो लोकांनी धम्म स्वीकारला. मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, रेल्वेत राबणारे आपले बांधव सुट्टीला गावी येताना बाबासाहेबांचा फोटो आणि त्रिशरण-पंचशील घेऊन आले. एका घरातले देव्हारे उतरले, मग शेजारच्या घरातले. एका वस्तीने मेलेली जनावरे ओढणे सोडले, मग पुढच्या वस्तीने.

प्रसाराला अडथळेही असतात. कधी डोंगर आडवा येतो, कधी नदी. आपल्यापुढे जातीची भिंत होती. साताऱ्याच्या ज्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी बालभीमाचे नाव दाखल झाले, तेथेही ती होतीच. सांगली जिल्ह्यातील आटपाडीचे शंकरराव खरात यांनी ‘तराळ-अंतराळ’मध्ये या भिंतीआडचे जीणे लिहून ठेवले आहे.

संस्कृती जमिनीवर आपली खूण उमटवते. त्याला सांस्कृतिक भूदृश्य म्हणतात. गावकुसाबाहेरची वस्ती ही जातिव्यवस्थेने काढलेली खूण होती. आज त्याच वस्तीत बुद्धविहार उभा आहे, पंचशील ध्वज फडकतो, घराघरांत सिद्धार्थ, राहुल, सुजाता अशी नावे ऐकू येतात. ही खूण आपल्या माणसांनी उमटवली.

पण खुणा पुसल्याही जातात. जखिणवाडीची लेणी ओस पडली, वंदना थांबली. माथ्यावर महादेवाचे देऊळ झाले आणि डोंगराला आगाशिव हे नाव राहिले. दगड टिकला, त्याचा अर्थ सांगणारी घरे मात्र उरली नाहीत. विहार बांधला म्हणजे धम्म टिकला, असे समजून आपण स्वस्थ बसू नये, हाच यातला धडा.

महिकाचे नाव दगडावर आहे म्हणून आज आपल्याला माहीत आहे. आपल्या गावात पहिली दीक्षा कोणी घेतली, पहिला देव्हारा कोणी उतरवला, ते मात्र पुष्कळ ठिकाणी कोठेही लिहिलेले नाही. १९५६ पाहिलेली पिढी आता थोडी उरली आहे. म्हणून माता-भगिनींना आमची विनंती आहे : येत्या रविवारी मुलांना आजी-आजोबांजवळ बसवा, वहीत ही नावे आणि गावे लिहून घ्या. जमेल तेव्हा त्यांना लेण्यांवरही न्या. आपल्या जिल्ह्याचा खरा नकाशा त्या वहीतूनच तयार होईल.

जयभीम!