फूल, दोन पाने आणि तोच मतदार

गोव्यातल्या मतदाराने सव्वातीन वर्षांत तीनदा मत दिले, आणि ते तिन्ही निकाल शेजारी ठेवले तर कुणीही बुचकळ्यात पडेल. डिसेंबर १९६३ मध्ये गोव्यात पहिली विधानसभा निवडणूक झाली. गोव्याच्या २८ जागांपैकी १६ जागा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष (मगो) आणि त्याच्या मित्रांना मिळाल्या, तर युनायटेड गोवन्स पक्षाला १२. मगोचे मुख्य वचन गोवा महाराष्ट्रात विलीन करण्याचे होते आणि ते पक्षाच्या नावातच होते. पुढे १६ जानेवारी १९६७ रोजी नेमका हाच प्रश्न लोकांपुढे ठेवला गेला, तेव्हा विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली आणि गोवा केंद्रशासित ठेवण्याच्या बाजूने १,७२,१९१. म्हणजे मगोचा कार्यक्रम लोकांनी ३४,०२१ मतांनी फेटाळला. आता मगोचे दिवस भरले, असे कुणालाही वाटले असते. पण जेमतेम अडीच महिन्यांनी, मार्चमध्ये, विधानसभेची निवडणूक झाली आणि त्याच मतदारांनी त्याच मगोला पुन्हा १६ जागा देऊन सत्तेवर बसवले.

या तीन निकालांचा अर्थ ‘लोकांचे मत दोनदा फिरले’ असा लावणे सोपे आहे. लोक चंचल असतात, जिकडे वारा तिकडे वळतात, हे आपल्याकडचे आवडते निदान. मला ते पटत नाही. तीन-चार लाख माणसे अडीच महिन्यांत एकदा इकडे आणि एकदा तिकडे मनाने पालटत नसतात. माणसाच्या मनात एकाच वेळी अनेक मते नांदत असतात आणि त्यांतली काही एकमेकांशी भांडतही असतात. त्यांतले कोणते वर येणार हे तीन गोष्टींवर ठरते: समोर ठेवलेला प्रश्न कोणता, तो कोण विचारतो आणि उत्तराची झळ कुणाला लागणार. गोव्याचा जनमत कौल हे याचे मराठी माणसाला जवळचे, पण महाराष्ट्रात फारसे न चघळले गेलेले उदाहरण आहे. ते न चघळण्याचे कारण उघड आहे. त्यात आपण हरलो होतो.

१९६३ चे मत कशाला होते, ते आधी पाहू. पोर्तुगीज राजवट १९ डिसेंबर १९६१ रोजी संपली, तेव्हा गोव्यातला बहुजन समाज भाटकारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, जमिनीत राबत होता आणि मुंडकार म्हणून भाटकाराच्याच जागेत राहत होता. मगोचे नेते भाऊसाहेब बांदोडकर स्वतः खाणमालक असले तरी बहुजनांतले होते आणि त्या समाजाला ते आपले वाटत. त्यांना मत देणे म्हणजे भाटकाराच्या उंबऱ्यावर ताठ मानेने उभे राहणे. सत्तेवर आल्यावर त्यांच्या सरकारने खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा काढल्या आणि १९६४ मध्ये कूळ कायदा केला. त्या मतात विलीनीकरण होतेच, पण शाळा, जमीन आणि मान यांच्या गाठोड्यात बांधलेले. निवडणुकीत मतदाराला गाठोडे सोडून एकच जिन्नस निवडता येत नाही. शिवाय आपल्या पद्धतीत मतदारसंघात सर्वांत जास्त मते घेणारा निवडून येतो. त्यामुळे जागांचे बहुमत म्हणजे प्रत्येक कलमाला मतांचे बहुमत असे होत नाही. विजयी पक्ष मात्र हा फरक नेहमी विसरतो.

म्हणूनच खरी लढाई प्रचाराच्या आधी, प्रश्न कसा विचारायचा यावर झाली. गोव्याच्या विधानसभेने १९६५ मध्ये विलीनीकरणाचा ठराव केला. विधानसभेत बहुमत आहे, वाटल्यास पुन्हा निवडणूक घ्या, असे मगोचे म्हणणे होते. युनायटेड गोवन्सचे डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या नेतृत्वाखालील विरोधकांनी आग्रह धरला की हा प्रश्न आमदारांकडून नको, लोकांकडून सुटा सोडवून घ्या. गोवा काँग्रेसचे पुरुषोत्तम काकोडकर यांनीही दिल्लीत त्यासाठी खटपट केली. डिसेंबर १९६६ मध्ये संसदेने जनमत कौलाचा कायदा केला, आणि कौल निष्पक्ष व्हावा म्हणून बांदोडकरांच्या सरकारने त्या महिन्याच्या आरंभीच राजीनामा दिला. मतपत्रिकेवर उमेदवार नव्हता, पक्ष नव्हता, जातीचा की गावचा हे विचारायला माणूसच नव्हता. विलीनीकरणासाठी फूल, केंद्रशासित राहण्यासाठी दोन पाने, अशी दोन चित्रे. ज्या क्षणी ही मतपत्रिका ठरली, त्या क्षणी निम्मा निकाल लागला होता, असे माझे मत आहे. कारण आता भाऊंचा शिक्का न झिडकारता त्यांच्या कार्यक्रमाला नाही म्हणता येणार होते.

प्रश्नाची ही ताकद अभ्यासकांनी मोजलेली आहे. १९४१ च्या सुमारास डोनाल्ड रग या संशोधकाने अमेरिकेतल्या दोन सारख्या गटांना जवळपास एकच गोष्ट वेगळ्या शब्दांत विचारली. लोकशाहीविरुद्ध जाहीर भाषणे करायला परवानगी द्यावी का, असे विचारल्यावर ६२ टक्के लोक ‘देऊ नये’ म्हणाले. अशा भाषणांवर बंदी घालावी का, असे विचारल्यावर ‘घालावी’ म्हणणारे निघाले फक्त ४६ टक्के. परवानगी न देणे आणि बंदी घालणे यांत व्यवहारात फरक काय? काहीच नाही. पण बंदी म्हटले की हात आखडतो. यावरून लोक मूर्ख ठरत नाहीत. लोकांना भाषणस्वातंत्र्यही हवे होते आणि लोकशाहीचे रक्षणही. प्रश्नाच्या शब्दांनी त्यांतले एक पुढे ढकलले, इतकेच.

तरीही केवळ मतपत्रिकेने निकाल लागला असे म्हणणे प्रचार करणाऱ्यांवर अन्याय ठरेल. विलीनीकरणविरोधी बाजूची पंचाईत अशी की तिचे नेतृत्व प्रामुख्याने ख्रिस्ती आणि सासष्टीसारख्या भागात बळकट. पेडणे, डिचोली, सत्तरीतल्या हिंदू बहुजनाने त्यांचे का ऐकावे? या अडचणीवरचा तोडगा मराठीतून निघाला. ‘गोमंतक’ हे दैनिक बा. द. सातोस्करांच्या संपादकत्वाखाली विलीनीकरणाची बाजू लढवत होते. त्याला तोंड द्यायला मडगावहून ‘राष्ट्रमत’ निघत होते, तेही मराठीतच. कोकणीच्या अभिमानाने पेटलेल्या मंडळींनी मराठी दैनिकातून महाराष्ट्रात न जाण्याचा युक्तिवाद करावा, याची गंमत वाटते, पण त्यामागचे गणित पक्के होते. उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर मगोच्या वाचकापर्यंत त्याच्याच वाचनाच्या भाषेत पोहोचत होते. ‘परके काय सांगतात’ म्हणून ते बाजूला सारता येत नव्हते.

पण वाचक होते किती? त्या काळी गोव्यात दहातले जेमतेम तीन जण साक्षर. उरलेल्या सातांपर्यंत वर्तमानपत्र थेट पोहोचत नव्हते, ते माणसांमार्फत पोहोचत होते. दुकानात कुणीतरी वाचून दाखवी, त्यावर बाकीचे बोलत. उल्हास बुयांव आणि त्यांचे सहकारी गावोगाव विलीनीकरणविरोधी गाणी घेऊन फिरत. मत असे माणसांमार्फत घडते, हेही अभ्यासकांनी तपासलेले आहे. पॉल लाझार्सफेल्ड आणि सहकाऱ्यांनी १९४० च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीत ओहायो राज्यातल्या ईरी काउंटीमध्ये सहाशे मतदारांची एक तुकडी निवडून तिला मे ते नोव्हेंबर पुन्हा पुन्हा गाठले. रेडिओ आणि वर्तमानपत्रे मते फिरवतात, असा तेव्हा सर्वांचा समज होता. आढळले ते वेगळेच. प्रचाराने बहुतेकांचे आधीचे मत घट्ट झाले किंवा सुप्त मत जागे झाले. एका बाजूकडून थेट दुसऱ्या बाजूला गेलेले फार थोडे. जे गेले, त्यांच्या बोलण्यात वर्तमानपत्रापेक्षा शेजारी, नातलग, सहकारी यांचा उल्लेख जास्त होता. बातमी आधी गावातल्या जाणत्या माणसाकडे जाते आणि त्याच्याकडून इतरांकडे, असा निष्कर्ष त्यांनी १९४४ मध्ये पुस्तकरूपाने मांडला. चावडी आणि पार माहीत असलेल्या आपल्याला यात नवल वाटू नये.

‘फार थोडे बदलतात’ हा मुद्दा गोव्यातही लागू पडतो, आणि तिथले आकडे तो सुंदर दाखवतात. फरक ३४,०२१ मतांचा. म्हणजे १७,०११ माणसांनी दोन पानांऐवजी फुलावर शिक्का मारला असता तर गोवा आज महाराष्ट्राचा जिल्हा असता. वैध मतांत हे प्रमाण शंभरात साडेपाच भरते. ‘गोव्याने ठरवले’ असे आपण म्हणतो तेव्हा शंभरातले साडेचौऱ्याण्णव लोक आपापल्या जागी उभे असतात आणि चर्चा सगळी त्या साडेपाचांभोवती फिरत असते. त्यांना हलवणारे मुद्दे भावनेचे कमी आणि पोटाचे जास्त होते. महाराष्ट्रात तेव्हा दारूबंदी होती. माडाची सूर काढून, काजूची भट्टी लावून, ताव्हेर्न, म्हणजे दारूचे दुकान, चालवून जगणाऱ्याला ती थेट भिडत होती. सरकारी कचेऱ्यांत महाराष्ट्रातून प्रतिनियुक्तीवर आलेले अधिकारी बसलेले लोक डोळ्यांनी पाहत होते. उद्या सगळ्याच नोकऱ्यांचे असे होईल, हे सांगायला वक्ता लागत नव्हता. आणि विलीनीकरण झाले तर पणजीचे सरकारच राहणार नव्हते. मुंबईच्या विधानसभेत गोव्याचे मूठभर आमदार कोपऱ्यात बसले असते आणि भाऊसाहेब मुख्यमंत्री राहिले नसते. म्हणजे भाऊ हवे असतील तर दोन पानांवर शिक्का मारणेच शहाणपणाचे होते! मार्चचा निकाल या तर्काशी तंतोतंत जुळतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो धर्माचा. सगळे विश्लेषण फोल आहे, ख्रिस्त्यांनी दोन पानांना मत दिले, हिंदूंनी फुलाला, संपले. या आक्षेपात तथ्य आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. दोन्ही बाजूंच्या गडांचा नकाशा बराचसा धर्माच्या रेषेने जातो. पण ढोबळ हिशेब करून पाहा. ख्रिस्ती लोकसंख्या तेव्हा चाळीस टक्क्यांच्या आत होती. ती पूर्ण चाळीस धरली आणि त्यातला एकूण एक माणूस दोन पानांकडे गेला असे मानले, तरी साडेपंचावन्न टक्के गाठायला उरलेल्या साठांतले पंधराच्या वर लागतात. म्हणजे इतरांतल्या, मुख्यतः हिंदूंतल्या, चारांपैकी किमान एकाने विलीनीकरण नाकारले. धर्माने लढाईचा पाया आखला, निकाल मात्र या चौथ्या माणसाने लावला. आणि मार्चमध्ये मगोला सत्ता परत मिळवून देणाऱ्यांत तोही असावा.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. प्रश्नावरच उत्तर ठरत असेल, तर प्रश्न ठरवणारा राजा आणि जनता त्याच्या हातातले खेळणे झाली की नाही? आज सर्वेक्षणांचा आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या मजकुराचा मारा पाहता ही भीती खोटी नाही. परंतु गोव्याचा अनुभव तिला मर्यादा घालतो. दारूबंदीचा मुद्दा चालला, कारण दारूबंदी खरी होती. प्रतिनियुक्तीचा मुद्दा चालला, कारण अधिकारी समोर बसलेले होते. प्रचार अनुभवाला नाव देऊ शकतो, मुळात नसलेला अनुभव तो फार काळ तगवू शकत नाही. महाराष्ट्रातल्या नेत्यांनीही सवलतींची आश्वासने कमी दिली नव्हती. पण ती भविष्यकाळातली होती आणि कचेरीतला साहेब वर्तमानकाळातला. १९६० मध्ये राज्य मिळवलेल्या महाराष्ट्राला वाटले की भाषेची हाक सीमेपलीकडेही तितकीच चालेल. मुंबईत ती चालली, कारण तिथल्या गिरणी कामगाराच्या भाषेच्या आणि भाकरीच्या प्रश्नांचे उत्तर एकच होते. गोव्यात ही दोन उत्तरे वेगळी निघाली. शिवाय प्रश्न कोणी का ठरवेना, ८० टक्क्यांहून जास्त मतदार रांगेत उभे राहून त्याचे उत्तर देतात, तेव्हा त्याला कुणाची हातचलाखी म्हणणे धाडसाचे आहे.

निकालानंतर जे घडले त्याकडे अभ्यासकांचे लक्ष त्या मानाने कमी जाते. मत निर्णय घडवते तसा निर्णयही मत घडवतो. हरलेल्या बाजूच्या १,३८,१७० माणसांना कुणी पटवून दिले नाही. त्यांच्या जिद्दीला हळूहळू कारणच उरले नाही. बांदोडकरांनी केंद्रशासित गोव्याचा कारभार १९७३ मध्ये निधन होईपर्यंत केला. ज्या पक्षाला हे राज्य नको होते, त्यानेच ते मुरवले. त्याच्या राजवटीत मोठी झालेली पिढी पणजीलाच आपली राजधानी मानू लागली. वाद राहिला तो भाषेचा. त्याचा फैसला फेब्रुवारी १९८७ मध्ये कोकणीला राजभाषा करून आणि मराठीच्या सरकारी वापराची सोय ठेवून झाला, आणि त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा घटक राज्य बनले. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष आजही त्याच नावाने निवडणुका लढवतो. २०२२ मध्ये त्याचे २ आमदार निवडून आले, आणि गोवा महाराष्ट्रात विलीन करा ही मागणी त्यांच्याही जाहीरनाम्याचा विषय राहिलेली नाही.