पायातलं कडं

फेब्रुवारीतली पहाट, तापमान उणे १९. होक्काइडोतल्या त्सुरुई गावाजवळ, सेत्सुरी नदीवरच्या ओतोवा पुलावर आम्ही तीस-चाळीस जण ट्रायपॉड लावून उभे होतो. कुणी बोलत नव्हतं. नदीतून वाफ वर येत होती आणि काठावरच्या झाडांच्या बारीक फांद्यांवर हिम साचून सगळी झाडं पांढरी झाली होती. सूर्य वर आला तशी वाफ गुलाबी झाली आणि उथळ पाण्यात एका पायावर झोपलेले क्रौंच दिसायला लागले. इतक्या थंडीत हवेपेक्षा नदीचं पाणीच त्यांना ऊबदार, शिवाय कोल्हा पाण्यात शिरत नाही.

मी कावासाकीत राहतो, टोकियोत सॉफ्टवेअरची नोकरी करतो. फोटोग्राफी हा शनिवार-रविवारचा उद्योग. पहिली लेन्स बोनसमधून घेतली, दुसरी घेतली तेव्हा बायकोने फक्त माझ्याकडे पाहिलं. हानेदाहून कुशिरोला विमानाने दीड-पावणेदोन तास, तिथून गाडीने पाऊण तास की त्सुरुई. ‘त्सुरु’ म्हणजे क्रौंच. गावाच्या नावातच पक्षी आहे.

हा पक्षी म्हणजे ‘तांचो’. उंची जवळपास दीड मीटर, अंग पांढरंशुभ्र, मान काळी आणि डोक्यावर लाल टिळा. ही लाल पिसं नव्हेत, ती उघडी कातडी असते. जपानमध्ये हा पक्षी लग्नाच्या किमोनोवर असतो, विमानाच्या शेपटीवर असतो, जुन्या हजार येनच्या नोटेवरही होता. पण शिकार आणि दलदलीची शेतजमीन होत गेल्यामुळे तो संपलाच असं एकेकाळी सगळे धरून चालले होते. १९२४ मध्ये कुशिरोच्या पाणथळीत दहा-बारा पक्षी सापडले. १९५० च्या सुमाराला कडक हिवाळ्यात अन्न मिळेना, तेव्हा इथल्या शेतकऱ्यांनी आपल्या घरचा मका टाकायला सुरुवात केली. १९८० मध्ये कुशिरोची पाणथळ जपानची पहिली रामसर जागा ठरली, १९८७ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. आज तांचोंची संख्या १८०० च्या पुढे आहे. आता उलटी अडचण आहे. मक्यापाशी खूप पक्षी एकत्र येतात, साथ आली तर सगळे सापडतील, म्हणून सरकार हिवाळ्यातलं खाद्य हळूहळू कमी करत आहे.

हे सगळं मला जवळचं वाटायचं कारण माझं आजोळ गोंदिया जिल्ह्यातलं. महाराष्ट्रात सारस पाहायचा तर तिकडेच जावं लागतं, थोडे भंडारा-चंद्रपुरात, बस्स. लहानपणी मामा धानाच्या बांधीत लांबून सारसाचं घरटं दाखवायचा आणि जवळ जाऊ द्यायचा नाही. कापणीच्या वेळी तेवढा तुकडा तसाच सोडायचा. त्सुरुईतल्या मक्याबद्दल मामाला सांगितलं तर म्हणाला, “मंग? पाखरू आपल्या वावरात आलं तं खाऊ नाई घालाचं का?”

आता फोटोकडे येतो. बर्फात कॅमेरा फसतो. समोरचं सगळं मध्यम करड्या उजेडाचं आहे असं धरून तो हिशेब करतो, त्यामुळे बर्फ मळकट येतो. म्हणून उजेड एखादा स्टॉप वाढवून घ्यायचा. पण जास्त वाढवला की पांढऱ्या पिसांतला तपशील कायमचा जातो, म्हणून दर थोड्या वेळाने हिस्टोग्राम पाहायचा. थंडीने बॅटऱ्या पटापट बसतात. जादाच्या बॅटऱ्या ‘काइरो’ या गरम पुडीसोबत आतल्या खिशात ठेवायच्या. आणि हॉटेलवर परतताना कॅमेरा बाहेरच पिशवीत घट्ट बंद करायचा, नाहीतर आतल्या गरम हवेत लेन्सवर दव धरतं. हे तिन्ही धडे मी एकाच दिवसात शिकलो, तिन्ही चुकून.

२०२३ च्या त्या पहिल्या फेरीत तीन दिवसांत सुमारे २४०० फोटो काढले. त्यात एक खरा जमला. नर-मादी शेजारी उभे, चोची आकाशाकडे, एकत्र साद घालताना दोघांच्या तोंडची वाफ उन्हात चमकतेय. घरी येऊन चार रात्री त्यावर बसलो. बर्फाचा निळेपणा कमी केला, सावल्या उचलल्या, दाणेदारपणा घालवला. मग ‘साफसफाई’. मागची तार पुसली. बर्फावरचे मक्याचे दाणे पुसले. डावीकडच्या पक्ष्याच्या पायात एक प्लास्टिकचं कडं होतं, त्यावर अक्षर-आकडे. रानातल्या पक्ष्याच्या पायात प्लास्टिक कसं दिसेल? तेही पुसलं. दोन क्लिकचं काम. मग डिस्क भरली म्हणून सगळ्या रॉ फाईल उडवल्या आणि तयार जेपीजी तेवढे ठेवले.

ऑफिसात कुणी सोर्स कोड डिलीट करून नुसतं बिल्ड ठेवलं तर मी त्याला काय काय बोललो असतो! रॉमध्ये दर रंगाच्या १६,३८४ पायऱ्या असू शकतात, जेपीजीत २५६. पण प्रश्न पायऱ्यांचा नव्हताच, हे मला दोन वर्षांनी कळलं.

तो फोटो मोठा करून आईला पाठवला. गोंदियाच्या घरी दिवाणखान्यात लागलाय, येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दाखवते.

२०२५ च्या फेब्रुवारीत पुन्हा ओतोवा पुलावर गेलो. शेजारी एक सत्तरीचे आजोबा होते. त्यांच्याकडे कॅमेरा छोटा, पण दुर्बीण भारी आणि हातात वही. मी मोठ्या अभिमानाने फोनवर माझा फोटो दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले. “छान आहे. त्सुरुईचा?” मी हो म्हटलं. त्यांनी वही उघडली आणि विचारलं, “कड्याचा नंबर काय होता?”

ते हिवाळाभर कड्यांचे नंबर टिपत असतात. उन्हाळ्यात, उडता येण्याआधी, काही मोजक्या पिल्लांच्या पायात कडं घालतात. मग तो पक्षी किती वर्षं जगला, कुणाशी जोडी केली, कुठे घरटं केलं, हे अशा टिपणांवरूनच कळतं. बाकी सगळे तांचो आपल्याला सारखेच दिसतात.

कडं होतंच नाही, असं म्हणता आलं असतं. पण तोंडातून निघून गेलं, “होतं. मी पुसलं.”

“सोऊ देस का,” आजोबा म्हणाले. म्हणजे “असं होय.” रागावले असते तर बरं झालं असतं.

लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वन्यजीव फोटो स्पर्धेत चित्रातली वस्तू काढणं-घालणं चालत नाही आणि पुढच्या फेरीत मूळ रॉ फाईल मागतात, हे मला माहीत होतं. पण मी कुठे स्पर्धेत उतरणार होतो? मी तर आईसाठी फोटो करत होतो. उजेड, रंग, गोंगाट सुधारणं वेगळं. कॅमेऱ्यापेक्षा डोळ्याला जास्त दिसलेलं असतं, ते परत आणायचं असतं. पण कडं मला डोळ्यांनीही दिसलं होतं. मी पुसलं ते त्या पक्ष्याचं नाव. दाणे पुसले त्यात तर त्याला जगवणारे शेतकरीच पुसले गेले.

घरी येऊन सगळ्या डिस्क पालथ्या घातल्या. काही नाही. मग आठवलं, त्या सकाळी जोडी उडाली तेव्हा एक फोटो फसला होता. कडंवाल्या पक्ष्याचं डोकं आणि पंख चौकटीबाहेर, नुसते पाय आलेले. गंमत म्हणून तिथूनच घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला होता. ग्रुपमध्ये मागे मागे गेलो. सापडला. खाली मामाचं उत्तर, “पाय झकास आले बापू!”

व्हॉट्सअ‍ॅपने दाबून बारीक केलेला फोटो. मोठा केला. तीनपैकी पहिली दोन चिन्हं स्वच्छ वाचता आली. तिसरं ३ आहे की ८, ते कितीही केलं तरी ठरेना. धार वाढवणारं सॉफ्टवेअर वापरलं तर त्याने एकदम सुबक ८ काढून दिला. तो फोटोतला नव्हता, सॉफ्टवेअरच्या मनातला होता. मी मूळ फोटोच आजोबांना मेल केला आणि शंका कळवली.

चार दिवसांनी उत्तर आलं. दोन्ही नंबरांचे पक्षी त्यांच्या वहीत आहेत. एक या हिवाळ्यातही जोडीदार आणि पिल्लासह दिसला. दुसरा २०२३ नंतर कुणालाच दिसलेला नाही. तुमचा कुठला, सांगता येत नाही. त्यांनी वहीत तारखेपुढे दोन्ही नंबर लिहून मध्ये प्रश्नचिन्ह घातलं होतं.

आता माझ्याकडे रॉ फाईलच्या दोन प्रती असतात, एक घरी, एक क्लाउडवर. फसलेले फोटोही ठेवतो. आईला फोनवर हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मंग तो दुसरा फोटो बी पाठव. पायाचा. बाजूला लावतो.”