गोळ्यांची नोंद आणि आपली संमती

“कोणत्या गोळ्या चालू आहेत?” जिल्ह्याच्या रुग्णालयात डॉक्टरांनी वडिलांना विचारले. वडिलांनी जमेल तसे उत्तर दिले, “एक पांढरी, एक तांबडी. अन् गुडघ्याची एक, पुडीतली.” डॉक्टर हसले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. त्यांनी पेन खाली ठेवले आणि माझ्याकडे पाहिले. मी महाविद्यालयात शिकवतो, घराण्यातला पहिला पदवीधर. पण बापाच्या पोटात रोज काय जाते हे मलाही सांगता आले नाही.

वडिलांनी आडत बाजारात तीस वर्षे हमाली केली. रक्तदाबासाठी एका डॉक्टरांनी एनालाप्रिल आणि लघवी जास्त होण्याची एक गोळी दिली होती. गुडघ्यांसाठी ते कोपऱ्यावरच्या दुकानातून डायक्लोफेनॅकच्या सुट्या गोळ्या आणत. पट्टी कापून दिलेल्या, नाव उरलेल्या तुकड्यावर राहिलेले. या तीन जातींच्या गोळ्या एकत्र आल्या की मूत्रपिंडाला इजा होऊ शकते, हे वैद्यकशास्त्राला चांगले ठाऊक आहे. पण डॉक्टरला दुकानाची खबर नव्हती आणि दुकानदाराला डॉक्टरची. वडिलांचे पाय सुजले, तेव्हा हिशेब बाहेर आला.

असा हिशेब आधीच जुळावा म्हणून केंद्र सरकारने 27 सप्टेंबर 2021 रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू केले. त्यात माणसाला चौदा आकडी ‘आभा’ क्रमांक मिळतो. नोंदी एका कोठारात जमा होत नाहीत. ज्या रुग्णालयात किंवा प्रयोगशाळेत त्या तयार झाल्या तिथेच राहतात. दुसऱ्या डॉक्टरला त्या पाहायच्या असतील तर विनंती रुग्णाच्या फोनवर येते. कोण मागतो, कशासाठी, कोणत्या प्रकारची कागदपत्रे, कोणत्या तारखांमधली आणि कधीपर्यंत, हे त्या विनंतीत असते. रुग्ण ती नाकारू शकतो, आवळू शकतो, दिलेली संमती मागे घेऊ शकतो. (पाहिलेले मात्र न पाहिलेले होत नाही.) औषधांची चिठ्ठी हा त्यात वेगळा प्रकार आहे, म्हणजे बाकी सारे झाकून तेवढी देता येते. आभा नाही म्हणून उपचार नाकारू नयेत, असेही धोरण सांगते.

कागदावर हे सारे चांगले आहे. पण सुटी गोळी बिलाशिवाय घेणाऱ्याची नोंद मुळात होतच नाही, मग वाटायचे काय? आपल्या वस्त्यांचा पहिला प्रश्न हा आहे.

दुसरा प्रश्न संमतीचा. आपल्या वाडवडिलांना संमतीचा एकच प्रकार माहीत होता, तो अंगठा. सावकाराच्या वहीवर, तलाठ्याच्या कागदावर. काय लिहिले आहे हे विचारणे म्हणजे उर्मटपणा. आता अंगठ्याच्या जागी ओटीपी आला. वडिलांना दाखल केले त्या दिवशी खिडकीवरचा कारकून म्हणाला, “आलेला नंबर सांगा.” मी सांगितला. वडिलांचे आभा खाते निघाले हे मला दोन दिवसांनी कागदावर दिसले. संमतीच्या चौकोनात खूण कोणी केली? मी एम.ए. झालेला माणूस, मीही विचारले नाही. 2021 मध्ये लस घेताना आधार दाखवणाऱ्यांचे असेच क्रमांक न विचारता निघाल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत आल्या होत्या.

यात काय एवढे बिघडले, असे विचारणाऱ्याला मी आत्याची गोष्ट सांगतो. तिला विचारूनच लिहितो आहे. आत्या चार घरची धुणीभांडी करते. तिला क्षय झाला, सहा महिन्यांचा उपचार तिने नेमाने पुरा केला. रिफाम्पिसिनने लघवी तांबडी होते. ती कोणाच्या घरी दिसू नये म्हणून ती दिवसभर पाणी पीत नसे. रोग कळला असता तर चारही घरे सुटली असती. तिची जात कळल्यावर एक आधीच सुटले होते. पण हेच औषध गर्भनिरोधक गोळ्यांचा आणि मधुमेहाच्या काही गोळ्यांचा असर कमी करते. म्हणजे डॉक्टरपासून ते लपवणे धोक्याचे आणि वस्तीत उघड होणे पोटावर पाय आणणारे. औषध दुकानदार वस्तीतलाच असतो, हे शहरातल्या योजनाकारांच्या लक्षात येत नाही.

काही ठिकाणी कायदा रुग्णाला विचारत नाही. 1 मार्च 2014 पासून लागू झालेल्या ‘एच 1’ अनुसूचीतील औषधे विकताना दुकानदाराला रुग्णाचे नाव वहीत लिहावे लागते. क्षयरोग्याची माहिती सरकारला कळवणे 2018 च्या अधिसूचनेने औषध दुकानांवरही बंधनकारक केले. साथ रोखायची तर हे मला मान्य आहे. उलट एचआयव्हीच्या 2017 च्या कायद्याने रुग्णाच्या लेखी, समजून दिलेल्या संमतीशिवाय त्याची स्थिती उघड करण्यावर, मोजके अपवाद सोडून, बंदी घातली. कलंक जीव घेतो हे तिथे ओळखले गेले. जातीचा कलंक घेऊन जन्मलेल्याला हे कायदा वाचून शिकावे लागत नाही.

बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र दिले आहे, ते 12 डिसेंबर 1929 च्या ‘यंग इंडिया’त छापून आले होते. बाळंतिणीला न शिवता डॉक्टरने तापमापक एका मुसलमानाच्या हाती दिला, त्याने नवऱ्याच्या, नवऱ्याने बायकोच्या. त्याच वाटेने तो परत आला. दिव्याच्या उजेडात पाहून डॉक्टरने न्यूमोनिया सांगितला. बाई वाचली नाही. पाऱ्याचा आकडा मात्र डॉक्टरपर्यंत बरोबर पोचला होता. आज पडद्यावर आकडे सरकताना मला ते पत्र आठवते.

2023 च्या वैयक्तिक डिजिटल माहितीच्या कायद्याने संमतीची विनंती साध्या भाषेत आणि आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय मागितली आहे. त्या अनुसूचीत मराठी आहे. ती खिडकीवर केव्हा येते ते पाहायचे.

तोवर मी वडिलांसाठी चाळीस पानी वही केली आहे. गोळीचे नाव, कोणी दिली, कधीपासून, कोणत्या दुकानातून. सुटी गोळी घेतली तरी पट्टीवरचे नाव लिहून आणायचे, हे त्यांना पटले आहे. मागच्या खेपेला नव्या डॉक्टरांच्या संगणकावरून वडिलांच्या फोनवर विनंती आली. मी उघडणार तोच ते म्हणाले, “थांब, वाच आधी.” मी एकेक ओळ मराठीत सांगितली. “वर्षभर कशाला पाह्यचं त्याला?” त्यांनी मुदत महिन्यावर आणायला लावली, आणि फक्त औषधांच्या चिठ्ठ्या दिल्या. चार-पाच मिनिटे गेली. मागे रांग कुरकुरत होती.