'उन्हाळी'चा उन्हाशी संबंध किती?

लघवीच्या वेळी होणाऱ्या जळजळीला आपल्या भाषेने 'उन्हाळी लागणे' असे सुटसुटीत नाव दिले आणि त्या नावातच रोगाच्या कारणाचा निवाडाही परस्पर करून टाकला. अंगात उष्णता झाली, सब्जा भिजवा, धण्याचे पाणी द्या, एवढ्यावर घरातील वडीलधाऱ्यांचे समाधान होते. परंतु दिवस गेलेल्या, अथवा दिवस राहावेत अशी इच्छा असलेल्या स्त्रीच्या बाबतीत हा निवाडा फेरतपासणीस घेणे अगत्याचे आहे.

गैरसमज : उन्हाळी उष्णतेनेच लागते.

वस्तुस्थिती : घाम फार गेला आणि पाणी कमी पडले तर लघवी गडद होऊन किंचित जळजळते, इतपत या समजुतीत तथ्य आहे. मात्र वारंवार येणारी कळ, थेंबथेंब लघवी आणि ओटीपोटातील दुखणे यांचे मूळ बहुधा जंतुसंसर्गात असते, आणि तो जंतू बहुतेक वेळा आपल्याच आतड्यात सुखेनैव नांदणारा ई. कोलाय असतो. स्त्रीचा मूत्रमार्ग अवघा सुमारे 4 सेंटिमीटर लांब व त्याचे मुख गुदद्वाराच्या निकट. म्हणून शौचानंतर पुढून मागे धुण्याची सवय मोलाची. शेतात वा एस.टी.च्या प्रवासात आडोसा मिळणार नाही, या धास्तीने पाणीच न पिणे आणि लघवी तुंबवून धरणे, ही मात्र जंतूंना दिलेली मुदतवाढ होय. धण्याच्या पाण्यातील पाणी उपकारक खरे, पण त्याने संसर्ग बरा होत नाही.

गैरसमज : जळजळ नाही, अर्थात संसर्ग नाही.

वस्तुस्थिती : रोगाने वर्दी देऊनच यावे, असा काही दंडक नाही. गर्भारपणात संप्रेरकांमुळे मूत्रवाहिन्या सैलावतात, वाढते गर्भाशय त्यांवर दाब देते आणि लघवी साचून राहते. 100 गर्भवतींपैकी साधारणतः 2 ते 10 जणींच्या लघवीत, कोणतीही तक्रार नसताना, जंतू लक्षणीय संख्येने आढळतात. उपचार न झाल्यास त्यांतील काहींच्या मूत्रपिंडापर्यंत संसर्ग पोहोचून थंडी वाजून ताप, कुशीत वेदना आणि प्रसंगी अकाली प्रसूती ओढवते. यासाठीच पहिल्या तपासणीच्या सुमारास लघवीचे 'कल्चर' करावे. पहिली धार सोडून मधली धार प्रयोगशाळेने दिलेल्या निर्जंतुक बाटलीत धरावी. औषधाची रिकामी बाटली घरी विसळून नेली, तर बाटलीतलेच जंतू खोटी साक्ष देतात. निकालास एक-दोन दिवस लागतात, तेवढा धीर धरावा.

गैरसमज : अंगावरून पांढरे जाते, म्हणून आतून साबणाने धुवावे.

वस्तुस्थिती : योनिमार्गातील उपकारक जंतू लॅक्टिक आम्ल निर्माण करून तेथे पहारा ठेवतात. जर्मन वैद्य आल्बर्ट ड्योडरलाइन यांनी 1892 मध्येच या जंतूंचे वर्णन केले होते. साबणाने वा जंतुनाशकाने आतून धुणे म्हणजे चोराच्या भयाने पहारेकऱ्यालाच हाकलणे. बाहेरून साध्या पाण्याने धुणे पुरेसे आहे. गर्भारपणी पातळ, वासरहित पांढरा स्राव वाढणे स्वाभाविक असते. खाज, दुर्गंधी, दह्यासारख्या गुठळ्या किंवा हिरवट-पिवळा रंग दिसल्यास मात्र संकोच सोडून डॉक्टरांना सांगावे. दुखणे अंगावर काढू नये.

गैरसमज : पोटात मूल असता औषध घेऊच नये.

वस्तुस्थिती : टेट्रासायक्लीनसारखी काही औषधे गर्भारपणी वर्ज्य आहेत, हे खरे, तथापि पेनिसिलिन आणि सेफॅलेक्सिन यांच्या वर्गातील औषधे दीर्घकाळ निर्धास्तपणे वापरात आहेत. म्हणून कपाटातील उरलेली पट्टी घेऊ नये आणि डॉक्टरांनी दिलेली अर्ध्यावर सोडूही नये.

गैरसमज : हे सारे बाईचे दुखणे, पुरुषाचा काय संबंध?

वस्तुस्थिती : उपदंशासारखे लैंगिक संसर्ग दोघांत फिरतात, एकीचाच इलाज केला, तर रोग पुन्हा परततो. अपत्याचा विचार मनात येताच दोघांनीही रक्त तपासून घ्यावे. गर्भवतीच्या उपदंशावर पेनिसिलिन वेळीच मिळाल्यास बाळाचेही रक्षण होते.

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली दरमहा 9 तारखेला सरकारी आरोग्यकेंद्रांत गर्भवतींची तपासणी विनामूल्य होते. सातव्या महिन्यात ओटी भरण्याची तयारी प्रत्येक घर हौसेने करते. त्याच्या कितीतरी आधी, पहिल्याच भेटीत, लघवीची ती लहानशी बाटली भरून द्यावी.